तांदळाच्या डब्यातला पेचकस

गेल्या सत्रातली गोष्ट. आठवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून काहीतरी करत होता. मी शिकवत शिकवत मागे गेले, तसा त्याने हात पटकन दप्तराखाली सारला. "काढ बाहेर," मी म्हटलं. एक विचित्र वस्तू बाहेर आली. बॉलपेनची रिकामी नळी, तिच्या टोकाला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, नळीभोवती चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद, आणि हे सगळं कपडे वाळत घालायच्या चिमट्याला दोऱ्याने बांधलेलं. मोबाइल त्याच्याकडे नव्हता. पण ही वस्तू मोबाइलवरच्या गेमसाठी आहे, हे बाकीच्या मुलांच्या हसण्यावरून कळलं.

वीस वर्षं शिकवते आहे. अशा वेळी काय करायचं ते तोंडात तयार असतं. वस्तू जप्त, कपाटात बंद, आणि "उद्या वडिलांना घेऊन ये."

वडील आले. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करतात, रात्रपाळी संपवून थेट शाळेत आलेले. डोळे लाल, हातात डबा तसाच. मी वस्तू टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेऊनही पाहिली नाही. म्हणाले, "टीचर, तुम्हीच तोडून टाका. आणि घरात पक्कड, पेचकस जे काही आहे ते मी आजच लपवून ठेवतो. सगळं तिथूनच सुरू होतं."

मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण पुढे काही बोलता येईना. कारण आमच्या घरात पेचकस लपवण्याचं काम कधीकाळी मी केलं होतं.

तेव्हा आम्ही पालघरला राहायचो. मरहूम अब्बा बोईसरच्या एमआयडीसीत फिटर होते, शटलने ये-जा करायचे. १९९४ ची बकरीद मे महिन्यात, ऐन सुट्टीत आली होती. भाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही दोघांनी दोन वर्षांची ईदी एका डब्यात साठवली होती. उरलेली भर मुंबईच्या मामूंनी घातली आणि लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्या घरी आला. त्या काळी समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे डबे मिळायचे. डब्यावर नाव कोणतंही असो, मुलांच्या तोंडी त्याचं एकच नाव होतं, 'टीव्ही गेम'. माझ्या वयाच्या वाचकांना तो आठवत असेल. दोन कंट्रोलर, एक प्लास्टिकची बंदूक, तापून लाल व्हायचा तो अॅडॉप्टर, आणि टीव्हीचं बटण फिरवत फिरवत चित्र शोधायचं. चित्र दिसू लागलं आणि तेवढ्यात लाइट गेली, की अख्खी गल्ली एका सुरात ओरडायची.

या डब्यांचं मूळ जपानमध्ये होतं. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला होत होत ते कुठल्या कुठल्या देशांतून आपल्या पालघर-बोईसरपर्यंत पोहोचलं. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात गेम दहा-बाराच, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट लागली नाही की ती काढून फुंकर मारायची, हा आम्हा सगळ्यांचा इलाज. भाईचं म्हणणं वेगळं होतं. फुंकरीने काही होत नाही, कॅसेट काढून परत घालताना आतल्या पट्ट्या घासल्या जातात म्हणून ती लागते. थुंकी उडून त्या उलट खराबच होतात. तो आपला खोडरबर घेऊन पट्ट्या घासत बसायचा. आज जाणकारही हेच सांगतात.

मारिओ सगळ्यांचा लाडका. १९८५ मध्ये आलेला तो मूळ गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज सकाळी तुमच्या व्हॉट्सअॅपवर आलेला 'जुमा मुबारक'चा एक फोटो याहून कितीतरी मोठा असेल. एवढ्याशा जागेत आकाश, डोंगर, किल्ले, शत्रू बसवायचे म्हणून करणाऱ्यांनी काय काय काटकसर केली होती! आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचा साचा एकच. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे ही चोरी भाईच्या लगेच लक्षात आली. अम्मी एकाच ताग्यातून त्याचा शर्ट आणि माझा फ्रॉक काढायची, तशातलाच तो प्रकार.

माझ्या वाट्याला बंदूक यायची. कंट्रोलरसाठी मुलांची रांग, मुलीला कोण देणार? पण बदकांच्या शिकारीत मी कुणाला हार जायची नाही. एके दिवशी भाईने मला विचारलं, "गोळी कुठून कुठे जाते?" मी म्हटलं, "बंदुकीतून टीव्हीत." तो म्हणाला, "उलटं आहे. टीव्हीतून बंदुकीत येते." त्याने मला नीट बघायला लावलं. खटका दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक छोटा डोळा असतो. आधी अंधार आणि लगेच उजेड असं त्याला दिसलं, तर नेम लागला. नुसता अंधार दिसला, तर चुकला. आधी अंधार का, तर कुणी बंदूक बल्बवर रोखून लबाडी करू नये म्हणून. भाई तेव्हा नववीत जाणार होता आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. तिला जुन्या काचेच्या नळीचाच टीव्ही लागतो.

पावसाळा संपता संपता कंट्रोलरचं बटण बसलं. उडी मारायचं बटण, म्हणजे खेळच संपला. भाईने अब्बांच्या पेटीतला पेचकस घेतला, वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू एका वाटीत ठेवले आणि कंट्रोलर उघडला. आत काही जादू नव्हती. एक रबराची चकती, तिच्या पोटाला एक काळा ठिपका, खाली पाटीवर तांब्याच्या दोन रेघा. बटण दाबलं की काळा ठिपका दोन रेघांना जोडतो, वीज जाते आणि मारिओ उडतो. ठिपका झिजला होता. भाईने मामूंच्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी कात्रीने गोल कापली आणि चकाकती बाजू बाहेर ठेवून फेव्हिकॉलने चिकटवली. बटण चालू झालं. महिनाभरात गल्लीतले सगळे कंट्रोलर आमच्या घरी दुरुस्तीला येऊ लागले. अम्मी म्हणायची, "घर आहे का दवाखाना?"

आमच्या खालाचा मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. लहानपणीच्या पोलिओने त्याचा उजवा हात कमजोर. बोटांत ताकद नाही, कोपर मात्र हलायचं. तो यायचा, टीव्हीसमोर बसायचा आणि दुसऱ्यांचा खेळ बघायचा. कंट्रोलर हातात दिला तर डाव्या अंगठ्याने मारिओला पुढे नेता यायचं, उडी मारता यायची नाही. पहिल्याच खड्ड्यात खेळ संपायचा. मुलं हसायची नाहीत, पण त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घ्यायची.

बटण म्हणजे दोन रेघा जोडणं, एवढंच आहे हे भाईला कळलेलं होतं. त्याने उडीच्या बटणाखालच्या रेघा ब्लेडने खरवडल्या, शेजारच्या रेडिओवाल्याकडून दोन वायरी डाख मारून घेतल्या आणि त्या बाहेर काढून दारावरच्या घंटीच्या बटणाला जोडल्या. घंटीचं बटण एका लाकडी पाटीवर ठोकलं. ते लहान पडत होतं म्हणून त्यावर डालड्याच्या डब्याचं झाकण बसवलं. पाटी पोराच्या उजव्या बाजूला ठेवली. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या कोपराने उडी मारायची.

त्या रविवारी तो पोरगा असरच्या नमाजपासून मगरिबच्या अजानपर्यंत खेळला. पहिला खड्डा ओलांडला तेव्हा त्याने वळून आमच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरलेले नाही. जाताना म्हणाला, "माझी पाटी सांभाळून ठेवा."

पाटी सांभाळली गेली नाही.

आता अब्बांची बाजूही सांगायला हवी. त्यांची भीती खोटी नव्हती. स्टेशनजवळच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं. एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तिथे खेळण्यासाठी शाळेची पुस्तकं रद्दीत विकली होती. भाईही दोन-चारदा तिथे सापडला. मग १९९५ च्या एप्रिलमध्ये नववीचा निकाल लागला. भाई दोन विषयांत गेला. अब्बा रात्रपाळीवरून आले तेव्हा तो टीव्ही गेम उघडून बसला होता. वर्तमानपत्र, वाटीत स्क्रू, सगळं तसंच. अब्बांनी हात उगारला नाही. शांतपणे सगळं गोळा केलं, डबा पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "तू शहाणी आहेस. पेचकस, पक्कड, त्याला सापडणार नाही अशा ठिकाणी ठेव."

मी शहाणी होते. वर्गात पहिली यायचे. मी पेचकस आणि पक्कड तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवले. भाई आठवडाभर शोधत होता. मला त्याने एकदाही विचारलं नाही. नंतर शोधणं थांबलं. पुढे आम्ही बोईसरला राहायला गेलो. सामान हलवताना पत्र्याची पेटी, टीव्ही गेम, घंटीच्या बटणाची पाटी, सगळं भंगारवाल्याला गेलं. भाई दहावी दुसऱ्या वेळी सुटला, आयटीआय केलं, आणि आता औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. मशीन बंद पडलं की रात्री दोनलाही त्याला फोन येतो. म्हणजे वाईट काही झालं नाही. पण घरात त्याने पुन्हा कधी काही उघडलं नाही. पंखा बंद पडला तरी म्हणायचा, "मिस्त्रीला बोलवा."

शिक्षिका झाल्यावर वाचताना मला एका माणसाची गोष्ट सापडली आणि ती मनातून जात नाही. गुनपेई योकोई हे त्याचं नाव. निन्टेन्डो तेव्हा पत्ते छापणारी कंपनी होती, १८८९ पासूनची. हा तरुण तिथे पत्त्यांच्या मशिनांची देखभाल करायचा. म्हणजे भाई जे काम करतो तेच. मशिनं चालू असली की देखभालवाल्याला काम नसतं. अशा रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी कातरीसारखा लांब होणारा एक हात बनवला. मुठी आवळल्या की तो पुढे जातो आणि वस्तू पकडतो. एके दिवशी कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची फिरत आले आणि त्यांनी ते पाहिलं. योकोईला खोलीत बोलावणं आलं. आता ओरडा बसणार असं समजून तो गेला. अध्यक्ष म्हणाले, "हे विकता येईल असं करून दे." १९६६ मध्ये ते खेळणं बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं.

त्याच योकोईने पुढे १९८० मध्ये खिशात मावणारे 'गेम अँड वॉच' काढले आणि १९८२ मध्ये त्यातल्या एकावर अंगठ्याने चालवायचं अधिकचिन्हाच्या आकाराचं बटण बसवलं. तेच बटण आमच्या कंट्रोलरवर होतं. त्याचं सूत्र होतं की नवीन, महागड्या तंत्रामागे धावू नका. जुनं, स्वस्त, सगळ्यांना माहीत झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा कुणी केला नसेल असा उपयोग करा. घंटीचं बटण आणि डालड्याचं झाकण म्हणजे दुसरं काय होतं? २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हालचालीवर मर्यादा असलेल्या खेळणाऱ्यांसाठी खास कंट्रोलर काढला. त्यावर तळहाताने किंवा कोपराने दाबता येतील अशी दोन मोठी गोल बटणं आहेत आणि बाहेरून हवी ती बटणं जोडायची सोय आहे. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला डालड्याचं झाकण आठवलं.

दुसरी गोष्ट तर आपल्या तारापूरकरांनी मुलांना जरूर सांगावी. आपल्याकडे 'टॅप्स' म्हटलं की लहान पोरालाही कळतं. १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र आपल्या दाराशी आहे. जगातल्या अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेमपैकी एक अशाच अणुसंशोधनाच्या जागी जन्मला. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत दरवर्षी लोकांना आत येऊन पाहायची मुभा असायची. लोक येत आणि बंद यंत्रं बघून कंटाळून जात. विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाला ते खटकलं. त्याने प्रयोगशाळेतच असलेला एक गणकयंत्राचा डबा आणि विजेच्या लहरी दाखवणारा पाच इंची पडदा एकत्र जोडायचं ठरवलं. आराखडा त्याचा, जोडणी रॉबर्ट ड्वोराक या तंत्रज्ञाची. १८ ऑक्टोबर १९५८ ला लोक आले तेव्हा पडद्यावर टेनिस चालू होतं. मधे जाळीची रेघ, वर उडणारा उजेडाचा ठिपका, खेळणाऱ्याच्या हातात एक डबी, तिला एक गोल खुंटी आणि एक बटण. बाकीचं सगळं सोडून लोक तिथेच रांग लावून उभे राहिले. पुढच्या वर्षीही तो खेळ दाखवला आणि मग सुटा करून त्याचे भाग दुसऱ्या कामाला लावले. पेटंट घेतलं नाही, पैसे मिळवले नाहीत. याच माणसाने तरुणपणी अणुबॉम्बच्या कामात भाग घेतला होता आणि नंतरचं आयुष्य अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणून धडपडण्यात घालवलं.

त्या रात्रपाळीवाल्या वडिलांना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "मला दोन दिवस द्या. तोवर काही लपवू नका." वस्तू घरी आणली. रविवारी भाई जेवायला आला होता. जेवण झाल्यावर ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिली आणि हसला. "स्पंज वाळलाय. ओला असतो हा." मग मला समजावून सांगितलं. मोबाइलच्या काचेखाली न दिसणारा एक थर असतो, त्यात थोडा विद्युतभार असतो. माणसाचं बोट लागलं की त्यात फरक पडतो आणि काचेला कळतं. नुसतं प्लास्टिक लावलं तर कळत नाही. म्हणून पोराने चांदीच्या कागदाने आपलं बोट ओल्या स्पंजला जोडलं. काचेला वाटतं, बोटच लागलंय. चिमटा मोबाइलला धरायला. झाला जॉयस्टिक. खर्च शून्य.

"डोकं आहे पोराला," भाई म्हणाला. "काय दिलंस त्याला?"

"वडिलांना बोलावलं."

तो काही बोलला नाही. वस्तू हळूच टेबलावर ठेवली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, तेव्हा पेचकस मी लपवला होता."

"तांदळाच्या डब्यात," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच सापडला होता मला."

"मग घेतला का नाहीस?"

"घेतला असता तर अब्बा तुला ओरडले असते." थोडा वेळ गेला. "पेचकसचं काही नाही गं. पाटी जायला नको होती. पोरगा विचारत होता नंतर."

तो उठला, हात धुतले आणि म्हणाला, "तुझ्या घरात पेचकस आहे का? हा चिमटा ढिला झालाय."

सोमवारी मी त्या मुलाला वस्तू परत दिली. तासाला बाहेर काढायची नाही, ही अट घातली. आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास सुरू केला. मुलांनी त्याला नाव दिलं, 'उघडा तास'. बंद पडलेली वस्तू घेऊन यायची, उघडायची, आत काय आहे ते बघायचं, जमलं तर त्यातून खेळ बनवायचा. भाईची पाळी जुळली की तोही येतो.

हे घरीही करता येतं, म्हणून काही गोष्टी लिहिते. उघडायला देण्यासारख्या वस्तू: बंद रिमोट, सेलवर चालणारं खेळणं, भिंतीवरचं घड्याळ, संगणकाचा माउस, जुना कंट्रोलर. सेल आधी काढून घ्यावेत. कधीही उघडायला देऊ नयेत अशा वस्तू: जुना काचेच्या नळीचा टीव्ही, कारण तो बंद करून ठेवला तरी आत वीज साठून राहते. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी, कारण ती टोचली गेली तर पेट घेते. चार्जर, इन्व्हर्टर आणि प्लग लावायची कोणतीही वस्तू. स्क्रू वाटीत ठेवायची सवय लावावी. अर्धा संयम तिथेच येतो.

पहिला खेळ म्हणून तारेचा खेळ करा. एक जाड, उघडी तार नागमोडी वाकवून पाटीवर उभी करा. दुसऱ्या तारेची अंगठी करून तिच्यात ओवा. मधे दोन पेन्सिल सेल आणि एक छोटा बझर जोडा. अंगठी तारेला न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. लागली की बझर वाजतो. या खेळात मोठी माणसं मुलांपेक्षा लवकर हरतात. घरात हसू येतं, ते वेगळंच. आणखी हवं असेल तर अरविंद गुप्ता यांचं काम मुलांना दाखवा. आयआयटीत शिकलेल्या या माणसाने आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून शेकडो खेळणी बनवली. पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञानकेंद्रात बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत.

मोबाइलवर तासन्‌तास गेम खेळणाऱ्या मुलाला आवरायलाच हवं. त्याबाबतीत मी आजही अब्बांच्या बाजूने आहे. पण खेळत बसलेलं मूल आणि उघडून बसलेलं मूल यांत फरक आहे. वरून दोघंही अभ्यास सोडून बसलेली दिसतात. जवळ जाऊन, खाली बसून, वाटीत काय आहे ते बघितल्याशिवाय तो फरक कळत नाही. अब्बा थकून आले होते, त्यांना खाली बसायला वेळ नव्हता. मी वर्गात उभी होते, मलाही नव्हता.

'उघडा तासा'ला आता अकरा मुलं येतात. त्यांत सहा मुली आहेत. मागच्या शनिवारी दाराशी त्या मुलाचे वडील उभे दिसले. रात्रपाळीवरून आले होते, आत यायला संकोचत होते. हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एक बंद रिमोट काढला, आणि त्यामागून एक जुना, लाकडी मुठीचा पेचकस.

"घरात नुसता पडून होता, टीचर," ते म्हणाले.